राखीव प्रत आणि तिची राखण

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार आपलें नांव, गांव, शक आणि तिथि लिहून झाल्यावर पुष्कळदां पोथीच्या वतीनें वाचकाला एक विनवणी करीत असे. तेल, पाणी, आग, उंदीर, सैल झालेली दोरी, अडाणी माणसाचे हात, यांपासून हिला सांभाळा, असा तिचा एकंदर आशय. पोथीला शत्रु किती, याची त्या काळची ती यादीच म्हणावयाची. त्या यादींत कोठें कोठें चोराचेंही नांव आढळतें. पण तो चोर पोथी पळवून नेणारा. पोथी जागच्या जागीं ठेवून तिचें अक्षरन् अक्षर वाचतां येणार नाहीं असें करून टाकावयाचें, आणि मग ‘वाचावयाची असेल तर इतके पैसे टाका’ म्हणून दारांत उभें राहावयाचें, असा चोर त्या नकलकारांच्या स्वप्नांतही आला नसेल. आज तो उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे, आणि आमच्या वाचकांस त्याची ओळख करून देणें अवश्य झालें आहे.

सांप्रत आपल्या घरांत पोथ्या कमी आणि संगणक अधिक, हें सांगावयास नको. मोडी कागदांचीं घेतलेलीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची नक्कल, कुलवृत्तांतासाठीं देशोदेशींच्या भाऊबंदांकडून पांच-दहा वर्षें खपून गोळा केलेली नांवनिशी, मुलीच्या लग्नाचीं चित्रें, परदेशांतील नातवाचें पहिलें पाऊल, आजारपणाचे रिपोर्ट, आयकराचीं विवरणपत्रें आणि आजीच्या हस्ताक्षरांतील लोणच्यांच्या कृतींची वही, हें सगळें आतां पानाच्या डब्याहून लहान अशा एका डिस्कमध्यें मावतें. ज्यांना थोडी दूरदृष्टि आहे ते या सर्वांची एक राखीव प्रत, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात तो, करून ठेवितात आणि निर्धास्त होतात. प्रस्तुत लेख लिहिण्यास कारण झाला आहे तो हा निर्धास्तपणा. राखीव प्रत आहे कीं नाहीं, हा प्रश्न अर्धाच होय. मूळ प्रतीला ज्याचा हात लागला त्याच हाताला ती राखीव प्रतही लागेल कीं नाहीं, हा उरलेला अर्धा प्रश्न. आणि तो फार थोड्या घरांत विचारला जातो.

या चोराच्या हत्याराला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी, एवढें सांगितलें म्हणजे नांवाचा अर्थ उघड होतो. हा धंदा वाटतो तितका नवा नाहीं. १९८९ सालच्या डिसेंबरांत जोसेफ पॉप नांवाच्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें लंडनहून सुमारें २०,००० फ्लॉपी डिस्का टपालानें धाडल्या. एड्स या रोगाविषयींची माहिती आंत आहे, असें वर लिहिलेलें. डिस्क घालून माहिती वाचली तर तत्काळ कांहींच होत नसे. मात्र पुढें तो संगणक नव्वद वेळां सुरू झाला म्हणजे आंतील फायलींचीं नांवें ओळखूं येईनाशीं होत, आणि १८९ डॉलर पनामा येथील एका टपाल पेटीच्या पत्त्यावर पाठवा, अशी मागणी पुढें येई. पॉपची युक्ति कच्ची होती. त्यानें नांवें तेवढीं बिघडविलीं होतीं, आंतला मजकूर शाबूत होता. शिवाय ज्या किल्लीनें कुलूप लावलें तिनेंच तें उघडत असल्यामुळें जाणत्यांनीं ती लौकरच शोधून काढली.

१९९६ सालीं ॲडम यंग आणि मोती युंग या दोघां शास्त्रज्ञांनीं ही त्रुटि दाखवून दिली, आणि ती भरून निघाली तर केवढा अनर्थ होईल तेंही जगाला सावध करण्याच्या हेतूनें लिहून ठेविलें. मर्म दोन किल्ल्यांत आहे. दाबलें कीं बसणारें कुलूप आपण नित्य पाहतों. तें लावावयाला किल्ली लागत नाहीं, उघडावयाला मात्र लागते. आजचा खंडणीखोर आपल्याबरोबर असें कुलूप तेवढें आणतो आणि किल्ली आपल्या घरीं ठेवून येतो. तेव्हां बळी पडलेल्या संगणकाचा कितीही झाडा घेतला तरी किल्ली सांपडत नाहीं. ती तेथें नसतेच. कुलूप नीट घडविलेलें असलें तर गणिताच्या जोरावर तें फोडणें आजच्या संगणकांच्या आवांक्याबाहेरचें आहे. पुढें २००९ सालीं बिटकॉइन हें चलन निघालें, आणि खंडणी स्वीकारावयाला पनामाच्या टपाल पेटीचीही गरज उरली नाहीं.

अशा स्थितींत खात्रीचा उपाय एकच राहतो. कुलूप लागलेल्या प्रतीचा नाद सोडावा आणि दुसरी प्रत बाहेर काढावी. पण हें जसें आपल्याला कळतें तसें चोरालाही कळतें. म्हणून आग लावणारा जसा आधीं विहिरीचा दोर कापून ठेवितो, तसा हा गृहस्थ आंत शिरल्यावर कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे, चूपचाप राहतो. राखीव प्रती कोठें आहेत याचा तपास करितो. त्या पुसतो किंवा बिघडवितो. आणि नंतरच मूळ दप्तराला कुलूप ठोकतो. सोफॉस या ब्रिटिश कंपनीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, बळी पडलेल्या संस्थांपैकीं शेंकडा ९४ संस्थांनीं चोरांनीं राखीव प्रतींवर हात टाकण्याचा प्रयत्न केल्याचें सांगितलें. ही कंपनी संरक्षणाचीं साधनें विकते, आणि कुलूप विकणारानें सांगितलेली चोऱ्यांची संख्या थोडी पारखूनच घ्यावी. तथापि पुढें दिलेल्या हकीकती वाचल्यावर तिच्या सांगण्यांत फारशी अतिशयोक्ति असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मेर्स्क ही कोपनहेगन येथील कंपनी. समुद्रावरून पेट्या वाहून नेण्याच्या धंद्यांत तिचें नांव अगदीं वरच्या ओळींत येतें. ता. २७ जून २०१७ रोजीं, युक्रेन देशाच्या राज्यघटना-दिनाच्या आदल्या दिवशीं, त्या देशांत हिशेबाच्या कामीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम. ई. डॉक नांवाच्या आज्ञावलीच्या वाटेनें एक विध्वंसक आज्ञावली बाहेर पडली. तिला पुढें नॉटपेट्या हें नांव मिळालें. वरून पाहतां ती खंडणीच मागत होती. पण हा केवळ वेष होता. पैसे भरले तरी दप्तर परत मिळण्याची सोय तींत ठेविलेलीच नव्हती. हें कृत्य रशियाच्या लष्कराचें होय, असें ब्रिटन आणि अमेरिका यांनीं २०१८ च्या फेब्रुवारींत जाहीरपणें म्हटलें. रशियानें तें नाकारलें. रोख युक्रेनवर असेल, पण आग शेजारधर्म पाळीत नाहीं. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरींत एका संगणकावर ती हिशेबाची आज्ञावली बसविलेली होती. तेवढी फट पुरली. थोड्याच वेळांत कोपनहेगनच्या मुख्य कचेरींतील पडदे एकामागून एक काळे होऊं लागले, आणि जगभरच्या तिच्या गोद्यांपैकीं कित्येकांचीं फाटकें बंद पडलीं. मुंबईसमोरच्या न्हावा-शेवा येथें, जवाहरलाल नेहरू बंदरांतील जी गोदी या समूहाकडे चालविण्यास होती तिचेंही काम थांबलें आणि आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावर पेट्यांच्या रांगा लागल्या.

कंपनीजवळ राखीव प्रती नव्हत्या असें नाहीं. बहुतेक दप्तरांच्या प्रती सांपडल्या. सांपडेना ती एकच वस्तु, आणि तिच्याविना बाकीच्यांचा उपयोग नव्हता. संगणकांच्या त्या राज्यांत कोण कोण आहे, कोणाला कोणत्या दालनांत जाण्याचा अधिकार आहे, याची जंत्री ठेवणारे सुमारें १५० सर्व्हर निरनिराळ्या देशांत मांडलेले होते. त्यांतील प्रत्येक सर्व्हर आपली जंत्री इतरांशीं सतत ताडून सारखी करीत असे. योजना पाहिली तर मोठी शहाणपणाची. एक बिघडला तर एकशें एकूणपन्नास उरतातच! मात्र सगळे एकाच वेळीं बिघडतील, ही गोष्ट कोणाच्या हिशेबांत नव्हती. आणि नेमकी तीच घडली. जे सर्व्हर एकमेकांशीं अखंड बोलत होते त्यांना रोगही एकमेकांकडूनच लागला.

अखेर दूर आफ्रिकेंतील घाना देशांतल्या कचेरींत एक सर्व्हर धड निघाला. तो कोणाच्या दक्षतेमुळें वांचला म्हणावें, तर तसें नव्हे. हल्ल्याच्या थोडें आधीं तेथील वीज गेली होती, आणि त्यामुळें तो जाळ्यापासून तुटून पडला होता. वीज गेली कीं मंडळाच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या आम्हां महाराष्ट्रीयांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शेंकडों गिगाबाइटांचा तो मजकूर जाळ्यावरून इंग्लंडांतील कचेरीकडे धाडूं म्हटलें, तर घानाची वाहिनी इतकी अरुंद कीं त्याला कित्येक दिवस लागते. माणसाबरोबर डिस्क पाठवूं म्हटलें, तर तेथील कोणाजवळ ब्रिटनचा व्हिसा नाहीं. मग घानाच्या एका नोकरानें ती डिस्क घेऊन विमानानें नायजेरिया गांठलें. तेथील विमानतळावर दुसऱ्या एका नोकराच्या हातीं ती दिली. आणि तो ती घेऊन साडेसहा तासांनीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरला. ही सर्व हकीकत अँडी ग्रीनबर्ग यांनीं २०१८ सालीं अमेरिकेच्या ‘वायर्ड’ मासिकांत विस्तारानें दिली आहे. कंपनीनें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे केले, असें तिच्या अध्यक्षांनीं पुढें दावोस येथें सांगितलें. नुकसानीचा आंकडा २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. दीडशें प्रती होत्या; पण त्या सगळ्या एकाच दोरींत ओवलेल्या असल्यामुळें, ज्याच्या हातीं दोरीचें टोंक आलें त्याच्या दृष्टीनें ती एकच प्रत होती. आपल्या घरींही हेंच चालतें. संगणकाच्या पाठीमागें एक डिस्क बारा महिने तेरा काळ जोडलेली असते, आणि रोज रात्रीं तींत प्रत पडते म्हणून यजमान संतुष्ट असतात. पण त्या संगणकांत जो शिरला त्याला ती डिस्क म्हणजे शेजारचीच खोली. मधला दरवाजा उघडा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या सोयी ज्या आपोआप घरच्या फायली दूरच्या सर्व्हरावर उतरवितात, त्यांनाही पुष्कळ लोक राखीव प्रत समजतात. त्यांना आरसा म्हणणें अधिक शोभेल. तोंडावर काजळ लागलें तर आरशांतल्या तोंडावरही लागतें. घरच्या फायलीला कुलूप बसलें कीं घटकाभरांत दूरच्या प्रतीलाही बसतें. यांतील कांहीं सेवा मागील तीस दिवसांपर्यंतच्या आवृत्त्या जपून ठेवितात व त्या परत मागतां येतात, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण ज्याला आपला पासवर्ड मिळाला आहे तो त्या आवृत्त्याही पुसूं शकेल, याचा विसर पडूं नये. २०१४ सालच्या जूनमध्यें कोड स्पेसेस नांवाच्या एका कंपनीवर हाच प्रसंग आला. तिचें मूळ दप्तर आणि बहुतेक राखीव प्रती ॲमेझॉनच्या सर्व्हरांवर एकाच खात्याखालीं होत्या. चोराला त्या खात्याची किल्ली मिळाली, त्यानें पैसे मागितले. मालकांनीं त्याला बाहेर घालविण्याचा यत्न करतांच त्यानें दोहोंवरही पोतेरें फिरविलें. कंपनीला दुकान बंद करावें लागलें.

याच्या उलट एक उदाहरण देतों. २०११ च्या फेब्रुवारीअखेर गूगलच्या जीमेल या टपालसेवेंत आज्ञावलीच्या एका दोषामुळें कांहीं लोकांचीं सर्व पत्रें नाहींशीं झालीं. असे लोक शेंकडा ०·०२ च होते. पण ज्याचीं पत्रें गेलीं त्याला शेंकडेवारीचें काय समाधान? येथें चोर नव्हता, दोष घरचाच होता. आणि त्या दोषानें निरनिराळ्या ठिकाणच्या प्रतीही पुसून टाकल्या होत्या. वांचविलें तें टेपांनीं. चुंबकी फितीच्या या डब्या संगणकाला कायमच्या जोडलेल्या नसतात; वाचावयाची वेळ आली कीं यंत्रांत घालावयाच्या, एरवीं मांडणीवर स्वस्थ पडलेल्या. मांडणीवरच्या डबीला ना चोराचा हात पोंचत, ना आज्ञावलीचा दोष. टेप म्हटली कीं लोकांना गाण्यांच्या जुन्या कॅसेटी आठवतात आणि हंसूं येतें. परंतु २०२१ सालीं निघालेल्या एलटीओ-९ जातीच्या एकेका डबींत १८ टेराबाइट मजकूर मावतो, आणि मोठमोठ्या संस्था तिचा वापर आजही करितात.

टेप न वापरतां हाच हेतु साधण्याची दुसरीही रीत निघाली आहे. एकदां लिहावें, हवें तितक्या वेळां वाचावें, पण ठरलेली मुदत संपेपर्यंत तें कोणालाही पुसतां किंवा बदलतां येऊं नये, अशी ती जागा असते. तिचें कडक रूप घेतलें तर खुद्द मालकालाही ही मनाई लागू पडते. कारण चोर नेहमीं मालकाचाच वेष घेऊन येतो. आपल्याकडील ताम्रपटामागें हाच विचार होता. राजा बदलला, मामलेदार बदलला, तरी दानाचीं अक्षरें बदलूं नयेत म्हणून तीं तांब्यावर खोदावयाचीं, आणि शेवटीं दान हिरावून घेणाराला शापही देऊन ठेवावयाचा. शापाचें काम आतां आज्ञावलीकडे आलें, एवढाच फरक.

चोर आंत शिरून आठवडेच्या आठवडे गप्प राहतो, असें वर म्हटलें आहे. त्यावरून आणखी एक गोष्ट निघते. कालची प्रत आजच्या प्रतीनें पुसावयाची, असा क्रम असेल तर बिघडलेला मजकूर चांगल्या मजकुराच्या छातीवर बसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाहीं. म्हणून या धंद्यांतील लोक पूर्वीपासून पितामह, पिता आणि पुत्र अशा तीन पिढ्या राखतात. रोजची प्रत हा पुत्र, आठवड्याची पिता, महिन्याची पितामह. पुत्र बिघडला तर पिता, पिताही बिघडला तर पितामह. श्राद्धांत तीन पिढ्यांचीं नांवें घेणाऱ्या आमच्या वाचकांस ही पद्धति समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची गोष्ट. ता. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं ऱ्हायसिडा नांवाच्या टोळीनें तिच्यावर घाला घातला. बाहेरच्या कंत्राटदारांना दुरून काम करतां यावें म्हणून २०२० सालच्या फेब्रुवारींत एक सर्व्हर बसविला होता. पासवर्डाखेरीज दुसरी ओळख विचारण्याची व्यवस्था त्यावर नव्हती, आणि चोर बहुधा तेथूनच शिरले असा संस्थेच्या अहवालाचा तर्क आहे. त्यांनीं सुमारें ६०० गिगाबाइट मजकूर चोरला, पुष्कळ सर्व्हर निकामी केले, आणि २० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारें सहा लक्ष पौंड, मागितले. लायब्ररीनें एक पैही दिली नाहीं. चोरांनीं चोरलेला मजकूर, नोकरवर्गाच्या खासगी माहितीसकट, चव्हाट्यावर मांडला.

या प्रकरणांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. संस्थेच्या संगणकीय संग्रहाच्या आणि याद्यांच्या राखीव प्रती सुरक्षित होत्या! चोरांना त्या लागल्या नव्हत्या. तरीही मुख्य ग्रंथयादी लोकांना पुन्हां पाहतां आली ती १५ जानेवारी २०२४ रोजीं, आणि बाकीच्या सेवांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. असें कां? तर प्रती होत्या, पण त्या उतरवावयाला धड जागा नव्हती. सर्व्हर निकामी झालेले, आणि कांहीं आज्ञावल्या इतक्या जुन्या कीं नव्या यंत्रांवर त्या चालेनात. तांदूळ कोठींत भरपूर आहेत, पण चूल मोडली आणि भांडीं गेलीं, अशी ती अवस्था. या ग्रंथालयांत मराठी हस्तलिखितांचाही संग्रह आहे; ज्या कोणा मराठी संशोधकाला त्या महिन्यांत त्याची यादी जाळ्यावर पाहावयाची होती त्यालाही हात हालवीत बसावें लागलें. २०२४ च्या मार्चमध्यें संस्थेनें घडलेल्या सर्व गोष्टींचा अहवाल स्वतःच्या चुकांसह प्रसिद्ध केला, ही गोष्ट आम्हांस फार स्पृहणीय वाटते. आपल्याकडे अशा वेळीं कपाटाला कुलूप घालण्याचाच रिवाज आहे.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं असाच हल्ला झाला. पांच सर्व्हर आणि सुमारें १·३ टेराबाइट मजकूर कुलपांत गेला. एका राखीव सर्व्हराला मात्र चोरांचा हात लागला नव्हता. रुग्णांच्या नोंदी त्यावरून नव्या सर्व्हरांवर उतरविण्यांत आल्या, असें सरकारनें लोकसभेंत सांगितलें. मधले सुमारें दोन आठवडे नोंदणीपासून घरीं सोडण्यापर्यंतचीं कामें हातानें कागदावर लिहून चाललीं. रांगेंत उभ्या असलेल्या रुग्णांना हे दोन आठवडे किती लांब वाटले असतील!

प्रत आहे, ती सुरक्षितही आहे, आणि ती भरलेली आहे अशी आपली समजूत आहे. ती समजूत कोणी कधीं तपासली आहे काय? गिटलॅब या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका थकलेल्या नोकराच्या हातून सुमारें ३०० गिगाबाइट मूळ मजकूर पुसला गेला. राखीव प्रतींच्या पांच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. पाहतात तों एकही धड चाललेली नाहीं. एका ठिकाणीं तर प्रतींची पेटीच रिकामी. ‘प्रत पडली नाहीं’ अशी सूचना यंत्र टपालानें पाठवीत होतें, पण तें टपालच मधल्यामध्यें परत फिरविलें जात होतें! सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच एका कामासाठीं कोणी हातानें एक प्रत काढून ठेविली होती, तिनें लाज राखली. वेदपाठकांनीं संहितेवर विसंबून न राहतां पद, क्रम, जटा, घन असे पाठ कां बसविले? एकाच मजकुराला उलट-सुलट गुंफून म्हटलें कीं एखादें अक्षर सुटलेलें तत्काळ कानाला खटकतें. प्रतीच्या शुद्धतेची तपासणी प्रतीच्या जपणुकीइतकीच महत्त्वाची, हें त्यांना ठाऊक होतें. संगणकाच्या फायलींनाही असा एक गणिती ठसा काढतां येतो. एक अक्षर बदललें तरी ठसा बदलतो. घरच्या कामाला मात्र इतकें पुरे कीं, सहा महिन्यांनीं एकदां राखीव डिस्क दुसऱ्याच्या संगणकाला लावून दहा-वीस फायली उघडून पाहाव्या.

पैसे देऊन मोकळें व्हावें, असें कोणी म्हणेल. अमेरिकेच्या कोलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनीच्या कंपनीनें २०२१ सालच्या मे महिन्यांत ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारें ४४ लक्ष डॉलर, दिले. किल्ली मिळाली, पण ती इतकी संथ चाले कीं काम पुन्हां सुरू करावयाला कंपनीला आपल्याच राखीव प्रतींचा आधार घ्यावा लागला. शिवाय हल्लींचे चोर कुलूप लावण्यापूर्वीं मजकुराची नक्कल स्वतःकडे नेतात आणि ती प्रसिद्ध करण्याचा धाक घालतात. या धाकावर राखीव प्रतीचा इलाज चालत नाहीं. उलट, राखीव डिस्कच रस्त्यांत पडली किंवा कोणी उचलली तर घरचीं सगळीं गुपितें तींत तयारच असतात. तेव्हां डिस्कला आपण स्वतः कुलूप घालावें. तशी सोय बहुतेक संगणकांत असते. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर शाईनें लिहून डिस्कपासून वेगळ्या जागीं ठेवावा, आणि तो कोठें आहे हें घरांत निदान दोघांना ठाऊक असावें. यजमान एकाएकीं गेले आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही गेला, तर चोराच्या कुलपांत आणि आपल्या कुलपांत फरक तो काय राहिला?

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें आपल्या व्यवसायबंधूंसाठीं जो नियम सांगितला तो घरच्यांनाही लागू पडतो. एकंदर प्रती तीन, त्या दोन जातींच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे किती बाहेर, याचें उत्तर पुणेकरांना वेगळें द्यावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी आलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील एका घरचे कागद शेजारच्या घरांत ठेविलेले असते तरी तेही भिजलेच असते. म्हणून दोन डिस्का घ्याव्या. एक घरच्या कपाटांत, दुसरी बहिणीच्या घरीं अगर बँकेच्या लॉकरांत. महिन्यांतून एकदां अदलाबदल करावी. डिस्क संगणकाला जोडावी ती प्रत पडेपर्यंतच. काम संपलें कीं काढून ठेवावी. ती जोडण्यापूर्वीं कांहीं फायली नेहमींप्रमाणें उघडतात कीं नाहीं तें पाहावें, आणि शंका आली तर त्या दिवशीं ती जोडूंच नये. तिसरी प्रत दूरच्या सर्व्हरावर ठेवावयाची तर तिचा पासवर्ड निराळा असावा, आणि पासवर्डाखेरीज मोबाइलवर दुसरी ओळख विचारण्याची सोय चालू करावी. ब्रिटिश लायब्ररीच्या सर्व्हरावर नव्हती ती हीच.

आणि एवढें करूनही प्रसंग आलाच, तर प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा, राखीव डिस्क घाईनें त्याला लावूं नये, आणि सरकारच्या १९३० या क्रमांकावर वर्दी द्यावी. नेदर्लंड्सचे पोलीस आणि युरोपोल यांनीं इतरांच्या साह्यानें २०१६ सालीं ‘नो मोअर रॅन्सम’ नांवाची एक योजना सुरू केली आहे. टोळ्या पकडल्यावर हातीं आलेल्या आणि जाणत्यांनीं शोधून काढलेल्या अनेक किल्ल्या तेथें फुकट मिळतात. आपल्या कुलपाची किल्ली तेथें आज नसली तरी दोन-चार वर्षांनीं येऊं शकते. म्हणून कुलूप लागलेली डिस्क रागानें पुसून टाकूं नये. कागदांत गुंडाळून, वर तारीख घालून, ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यावी.